सिमल्याची थंडी आणि मधला थर

मुंबईकराच्या कपाटात गरम कपडे म्हणून असतं तरी काय? कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेली एक शाल. महाबळेश्वरला जाताना हौसेनं घेतलेला आणि नंतर डांबराच्या गोळ्यांच्या वासात निवांत झोपलेला एक स्वेटर. आणि एक कानटोपी, जी वडीलधाऱ्यांशिवाय कुणी घालत नाही. त्यामुळे ऐन डिसेंबरात सिमल्याला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात पहिली चर्चा तिकिटांची झाली नाही, कपड्यांची झाली.

आईला बर्फ बघायचा होता. साठी उलटली, दोन्ही गुडघे कुरकुरू लागले, तरी बर्फ बघायचा राहिला म्हणून ती अधूनमधून बोलून दाखवायची. आणि दरवर्षी मी म्हणायचो, "थंडी मला सोसत नाही, उन्हाळ्यात जाऊ."

खरं कारण थंडी नव्हतं. मी ट्रान्स पुरुष आहे. म्हणजे जन्माच्या दाखल्यावर 'मुलगी' अशी नोंद झालेला, पण आतून पुरुष असलेला आणि गेली काही वर्षं पुरुष म्हणूनच राहणारा माणूस. 'तृतीयपंथी' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर साडी नेसलेली व्यक्ती येते. माझ्यासारखे लोकही असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं आमच्याविषयी मोठा निकाल दिला, २०१९ साली संसदेनं कायदा केला. पण सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहिल्यावर निकालाची प्रत काही कामाला येत नाही. तिथे अंगावर काय आहे, एवढंच बघितलं जातं.

सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मंडळींबरोबर मी पहाडात निघालो होतो. सगळे पैसे एका दणकट, महागड्या जॅकेटवर खर्च केले होते. आत घातलं होतं बहिणीचं जुनं थर्मल, गळ्याला लेस असलेलं आणि अंगाला चिकटून बसणारं. वरून जॅकेट आहे ना, मग आतलं कोण बघतंय, असा माझा हिशेब. विमानतळावर तपासणीच्या वेळी जॅकेट काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. ट्रे सरकत पुढे निघून गेला आणि मी पुरुषांच्या रांगेत त्या लेसच्या गळ्यात उभा राहिलो. जवानानं एकदा ओळखपत्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला बायकांच्या रांगेत पाठवलं. तिथून परत इकडे. सहकारी पलीकडे बूट घालत होते, आणि न बघितल्यासारखं करत होते. जेमतेम पाच मिनिटांचा प्रकार. पण त्यानंतर सहा वर्षं मला थंडी 'सोसली' नाही!

त्या पाच मिनिटांनी एक गोष्ट मात्र शिकवली. थंडीच्या प्रवासात वरचा कपडा कुठे ना कुठे काढावाच लागतो. तपासणीत, हीटर लावलेल्या हॉटेलात, दुपारच्या उन्हात, कुणाच्या घरी चहाला बसल्यावर. तेव्हा सगळ्यात आधी विचार करायचा तो जॅकेटचा नव्हे, त्याच्या आतल्या कपड्याचा. या वेळी मी खरेदीचा क्रमच उलटा केला.

आधी मोजपट्टी

स्वस्तात कपडे घ्यायचे तर लेबलवरच्या अक्षरांवर विसंबून चालत नाही. एका कंपनीचा 'मीडियम' दुसऱ्या कंपनीचा 'लार्ज' असतो. माझ्यासारख्याची पंचाईत आणखी वेगळी. पुरुषांचा कपडा खांद्याला बसला तर कमरेखाली घट्ट होतो, कमरेखाली बसला तर खांदे ओघळतात आणि बाह्या बोटांपर्यंत येतात. म्हणून घरातच छाती, कंबर, नितंब, खांदा आणि बाहीची लांबी मोजून कागदावर लिहून घ्यावी.

मोजपट्टी आईच्या शिवणाच्या डब्यात होती. स्वतःच्या खांद्याचं माप स्वतःला नीट घेता येत नाही, म्हणून मी तिलाच हाक मारली. शाळेचा गणवेश शिवायची तेव्हा ती माझी मापं घ्यायची. त्यानंतर पहिल्यांदाच. छातीभोवती पट्टी फिरवताना ती क्षणभर थांबली. मग नुसता आकडा म्हणाली आणि वाण्याच्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतला. "बाही साडेबावीस. हात तुझ्या बाबांसारखे आखूड आहेत," एवढंच वर म्हणाली.

मापं घेतली, पण खरेदी मुंबईत करायची नाही, असं आम्ही ठरवलं. इथे गरम कपड्यांना किंमत जास्त आणि निवड कमी. दिल्लीत दोन दिवस थांबायचं आणि तिथे घ्यायचं. हा सल्ला मी कुणालाही देईन. उत्तर भारतातल्या बाजारात स्वेटर ही चैन नाही, धान्यासारखी गरजेची वस्तू आहे. लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांतून माल येतो आणि रस्त्यावर ढिगानं विकला जातो. आपल्याकडे पुण्या-नाशिकला, नागपूरला थंडीत जे तिबेटी विक्रेते येतात, त्यांचाही बराचसा माल लुधियानाचाच असतो.

सरोजिनी नगरची उघडी ट्रायल रूम

दिल्लीत पहिल्या दिवशी सरोजिनी नगरला गेलो. (सोमवारी हा बाजार बंद असतो, हे लक्षात ठेवा.) निर्यातीतून उरलेला माल इथे हातगाड्यांवर आणि फुटपाथवर टांगलेला असतो. बघून घ्यावं लागतं. चेन चालते का, काखेतली शिवण उसवली आहे का, खिशाला भोक आहे का, हे आईनं एकेक करून तपासलं. तिच्यापुढे विक्रेताही गप्प झाला.

मला या बाजारात एक वेगळंच सुख मिळालं. मोठ्या दुकानात 'स्त्रिया' आणि 'पुरुष' अशा दोन ट्रायल रूम असतात, आणि कोणत्या दारासमोर कपडे घेऊन उभं राहायचं यावरच माझा निम्मा धीर संपतो. फुटपाथवर ट्रायल रूमच नाही! सगळे जण आपापल्या शर्टावरच जॅकेट चढवून बघतात, समोरच्या दुकानातल्या आरशात डोकावतात, काढून ठेवतात. मीही तेच केलं.

जॅकेटच्या बाबतीत दोन गोष्टी अनुभवानं कळल्या. एक म्हणजे, माझ्यासारख्या बुटक्या माणसानं मोठ्या मुलांच्या कपड्यांत शोधावं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं जॅकेट खांद्याला आणि बाहीला नेमकं बसतं, शिवाय पुरुषांच्या जॅकेटपेक्षा स्वस्त पडतं. दुसरं म्हणजे, खालच्या काठाला इलॅस्टिक असलेलं जॅकेट घेऊ नये. ते कमरेखाली गोळा होऊन बसतं आणि जे झाकायचं तेच उठून दिसतं. सरळ काठाचं, नितंब झाकेल इतपत लांब जॅकेट बरं. मला काळपट निळं मिळालं, आठशे रुपयांत.

बुटांचंही तसंच. पुरुषांच्या बुटांची मापं दुकानात साधारण सहापासून सुरू होतात आणि माझा पाय पाचचा. मुलांच्या विभागात जाड तळव्याचे बूट मिळाले, नऊशे रुपयांना. एक सूचना : बूट बघताना लोकरी मोजे घालूनच बघा. आणि मोज्यांवर मोजे चढवून पाय आवळू नका. बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट अधिकच गार पडतात.

आतला थर, मधला थर

दुसऱ्या दिवशी कश्मीरी गेटजवळच्या मोनॅस्ट्री मार्केटला गेलो. आंतरराज्य बसस्थानकाच्या बाजूचा हा तिबेटी लोकांचा बाजार. गल्ल्या अरुंद, पण माल नीट घड्या घालून मांडलेला. इथे फार घासाघीस चालत नाही, हे आईला आधी रुचलं नाही.

थर्मल घ्यायचं ते पुरुषांचं. त्याचा गळा गोल आणि उंच असतो, लेस नसते. त्यावर सेंटीमीटरमध्ये छातीचं माप असतं : ८०, ८५, ९०, ९५ असं. आपल्या मोजलेल्या आकड्याच्या लगतचं वरचं माप घ्यावं. थर्मल अंगालगत असायला हवं, कारण ते अंगाची ऊब धरून ठेवतं. पण ओरबाडणारं नको. आत सुती बनियन घालायचा मोह टाळावा. चढावर घाम आला की सुती कापड तो पिऊन घेतं आणि मग थांबल्यावर हुडहुडी भरते.

इथे एक नाजूक पण महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी. छाती सपाट दिसावी म्हणून अनेक ट्रान्स पुरुष बाइंडर वापरतात. बाइंडर म्हणजे छाती आवळून धरणारी घट्ट बंडी. सलग आठ तासांपेक्षा जास्त वेळ तो घालू नये, घालून झोपू नये, आणि त्याऐवजी क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी तर कधीच गुंडाळू नये. श्वास अडकतो, बरगड्या दुखावतात. पहाडातल्या चढणीवर छाती पूर्ण फुलायला हवी असते. रेल्वेच्या रात्रभराच्या प्रवासातही तो अंगावर ठेवून झोपणं धोक्याचंच. मग करायचं काय?

याचं उत्तर मधल्या थरात आहे. थंडी हा एकच ऋतू असा, की ज्यात जाड कपडा घालण्याचं कारण कुणाला सांगावं लागत नाही! थर्मलवर फ्लॅनेलचा चौकड्यांचा शर्ट, तोही छातीवर दोन खिसे असलेला. त्यावर जाड विणीचा स्वेटर किंवा बिनबाह्यांचं जॅकेट. चौकडा, खिसे आणि विणीतले उभे पीळ यांमुळे नजर आकारावर ठरत नाही. मऊ, अंगावर लोळणारा स्वेटर नको. थोडा ताठ, स्वतःचा आकार धरणारा हवा. रंग गडद. या दोन-तीन थरांत मला बाइंडरची गरजच उरली नाही. हा शोध मला जॅकेटपेक्षाही उबदार वाटला.

शर्ट घेताना बटणांकडेही बघा. पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या बाजूला असतात, बायकांच्या डाव्या. ढिगातल्या मालात हे कुणी सांगत नाही. कपडा मापाला बसला म्हणून घेतला, आणि घरी आल्यावर बटणं लावताना बोटं अडखळली की सगळं मन खट्टू होतं.

पँटसाठी पट्टा लागणारी नको. आतल्या थर्मलसह झटकन खाली-वर करता येईल अशी इलॅस्टिक आणि नाडीची, आतून अस्तर असलेली ट्रॅक पँट बरी. गारठलेल्या बोटांनी रेल्वेच्या शौचालयात पट्टा सोडणं काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक.

गडद हिरवा, उभ्या पिळांचा एक स्वेटर मी हातात घेतला. दुकानातल्या तिबेटी आजींनी आईला विचारलं, "बेटे के लिए?" आईनं स्वेटर उलटा करून शिवण बघितली आणि म्हणाली, "हां. थोडा बडा दिखाओ. धोने के बाद छोटा होगा." साडेसहाशे रुपये. मी तिथेच अंगात घातला.

परतताना कश्मीरी गेट मेट्रो स्टेशनात शिरलो. दिल्लीत प्रत्येक मेट्रो स्टेशनवर तपासणी असते. पुरुषांची रांग वेगळी, स्त्रियांची वेगळी. आई तिकडे गेली, मी इकडे. माझ्या पोटात तोच जुना गोळा. जवान म्हणाला, "जॅकेट खोलो." मी चेन उघडली. आत हिरवा स्वेटर, त्यातून डोकावणारी चौकड्यांची कॉलर. त्यानं यंत्र फिरवलं आणि पुढच्या माणसाकडे बघत म्हणाला, "आगे चलो."

इतकंच. पलीकडे आई पिशव्या सांभाळत उभी होती. "अगं, किती वेळ..." असं म्हणून तिनं जीभ चावली. गेली पाच वर्षं ती 'अगं'चं 'अरे' करायचा सराव करते आहे. तीस वर्षांचं वळण जिभेवरून एकदम जात नाही. मी हसलो. खरंच हसू आलं होतं.

काल्का ते सिमला

नवी दिल्लीहून सकाळच्या शताब्दीनं दुपारी काल्क्याला पोचता येतं. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्यांना उशीर होतो, म्हणून हातात वेळ ठेवावा. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. ज्यांनी नाव बदललं आहे त्यांनी याची खातरजमा आधीच करावी. काल्क्याहून छोटी गाडी निघते. हा ९६ किलोमीटरचा मार्ग १९०३ साली सुरू झाला आणि २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. काल्का साडेसहाशे मीटरवर, तर सिमला दोन हजार मीटरहून उंच. एवढी चढण गाडी शंभराहून जास्त बोगद्यांतून पाच-साडेपाच तासांत, दमादमानं चढते.

थरांचा खरा उपयोग या गाडीत कळला. काल्क्याला ऊन होतं, मी नुसत्या शर्टावर बसलो. बडोगचा बोगदा या मार्गावरचा सर्वांत लांब, अकराशे मीटरहून अधिक. त्यातून बाहेर आलो तेव्हा खिडकीतून गार झुळूक आली, स्वेटर चढला. सोलन गेल्यावर आईनं शाल कानांवरून घेतली. सिमल्याला उतरलो तेव्हा अंधार झाला होता आणि जॅकेट, कानटोपी, हातमोजे सगळं अंगावर आलं होतं. एकच जाड कोट घेऊन आलेली समोरची मंडळी वाटभर एकतर घामाघूम होत होती, नाहीतर कुडकुडत होती.

सिमल्यात दुसऱ्या दिवशी रिजवर गेलो. पिवळसर क्राइस्ट चर्च, कठड्यापलीकडे दऱ्या, आणि दूरवर हिमशिखरांची पांढरी रेघ. जाखूच्या टेकडीवर १०८ फुटी हनुमान आहे. चढण उभी, आईला मी रोपवेनं पाठवलं आणि स्वतः चालत गेलो. मोकळ्या छातीनं. धाप लागली, पण ती चढणीची धाप होती. आवळलेल्या बंडीची नव्हती.

खाली लोअर बाजारात रंगीत पट्टीच्या हिमाचली टोप्या विकायला होत्या. हिरव्या पट्टीची टोपी मी डोक्यावर ठेवून बघितली. दुकानदार म्हणाला, किन्नौरमध्ये ही टोपी पुरुषही घालतात आणि बायकाही. "मग मलाही दाखवा," आई म्हणाली आणि तिनंही ती घालून आरशात पाहिली. आम्ही दोघांनी एकेक घेतली.

शहरात बर्फ नव्हता. डिसेंबरात तो असेलच याचा भरवसा नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत शक्यता अधिक. म्हणून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या कुफ्रीला गेलो. तिथे देवदारांच्या सावलीत आधीच्या दिवसांतला थोडासा बर्फ उरला होता, मळकट आणि टणक. आईनं हातमोजा काढून तो उचलला. "फ्रिजमधल्यासारखाच आहे की," म्हणाली, पण वितळेपर्यंत खाली टाकला नाही. बर्फात चालायचे गमबूट अशा ठिकाणी भाड्यानं मिळतात. ते विकत घेण्यात पैसे घालवू नका.

माझा सगळा खर्च मांडून बघितला : थर्मलचे दोन जोड अकराशे, फ्लॅनेलचा शर्ट तीनशे, स्वेटर साडेसहाशे, बिनबाह्यांचं जॅकेट पाचशे, वरचं जॅकेट आठशे, बूट नऊशे, मोजे-हातमोजे-कानटोपी मिळून साडेचारशे. एकूण चार हजार सातशे रुपये. सहा वर्षांपूर्वीचं ते एकटं जॅकेट याहून महाग होतं.

शेवटच्या संध्याकाळी लोअर बाजारातल्या एका लहानशा ढाब्यात शिरलो. आत शेगडी पेटलेली, काचांवर वाफ धरलेली, टेबलं भरलेली. राजमा-चावल मागवला. गप्पा सुरू झाल्या. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा मला दिसलं, की माझं जॅकेट शेजारच्या खुर्चीवर पडलेलं आहे. मी ते केव्हा काढलं, मलाच आठवेना. आजूबाजूला पंधरा-वीस अनोळखी माणसं होती आणि मी नुसत्या स्वेटरवर बसून जेवत होतो.

तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं आणि बाहेरचा गार वारा आत घुसला.

"अरे, जॅकेट घाल आधी," ताटातून वर न बघता आई म्हणाली. "सर्दी होईल."